जुन्या ट्रॅक्टरचा इलेक्ट्रिक बिघाड कसा शोधावा: बॅटरीपासून ट्रॉलीच्या लाइटपर्यंत

सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) घेत नाही म्हटलं की पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी येते, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग तीही डाऊन होते. त्यानंतर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलला जातो, मग सेल्फची कॉइल नव्याने भरून आणली जाते. शेवटी गिअरबॉक्सवरचा गंजलेला अर्थचा (बॅटरीची केबल बॉडीला जोडणारा) बोल्ट घासल्यावर ट्रॅक्टर एका झटक्यात सुरू होतो. महिंद्रा ५७५, मॅसी १०३५, स्वराज ७३५, आयशर २४२ अशा जुन्या ट्रॅक्टरांवर बहुतेक बिघाड सैल क्लॅम्प, गंजलेला अर्थ आणि टेप गुंडाळलेले जोड यांतच असतात. म्हणून पार्ट बदलण्याआधी मोजा. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

नाशिक जिल्ह्यात या जोडांवर जरा जास्तच मार बसतो. द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालतो तेव्हा मोरचूद-चुन्याच्या बोर्डोचे आणि भुरीसाठी मारलेल्या गंधकाचे तुषार ट्रॅक्टरवरही बसतात. मोरचूद लोखंडाला खातं, तर गंधकाने तांब्याच्या वायरीवर काळा थर चढतो. त्या थरातून करंट नीट जात नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात भाताच्या चिखलणीचं पाणी कनेक्टरमध्ये शिरतं. निफाडच्या डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे तर गारठ्याने बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन ऑइलही घट्ट होतं. उन्हाळ्यात जे दुखणं लपून राहतं, ते तेव्हा बाहेर येतं.

१. काय जवळ हवं

- डिजिटल मल्टीमीटर. साधाही चालतो, पण १० अँपिअरचं वेगळं सॉकेट असलेला घ्या.
- टेस्ट लॅम्प: १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी.
- बॅटरीतल्या पाण्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर (बॅटरीच्या दुकानात मिळतो), डिस्टिल्ड वॉटर, खाण्याचा सोडा, व्हॅसलीन.
- १० ते १९ चे पाने, वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर.
- लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), लग दाबायची पक्कड, हीट श्रिंक ट्यूब, १.५ आणि २.५ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर, १०, १५ आणि २० अँपिअरचे फ्यूज.
- ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतलं वायरिंगचं चित्र. पुस्तिका हरवली असेल तर काहीही सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा.
- बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड. कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे का, ते आजच पाहून ठेवा.

२. हात लावण्याआधी

ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड किंवा ओंडका लावलेला. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह काढायची आणि जोडताना ती शेवटी लावायची. पॉझिटिव्हचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला तर काय होतं, हे एकदा पाहिलेला माणूस हा क्रम विसरत नाही. चार्जिंग चालू असताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी, काडी, ठिणगी काहीही नको.

फार जुन्या, परदेशातून आलेल्या काही ट्रॅक्टरांवर बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. तुमचा ट्रॅक्टर त्यातला असेल तर पुढचं सगळं उलट वाचावं लागेल. कोणती केबल चासीला गेली आहे, ते आधी डोळ्याने पाहा.

आता सगळ्यात धोक्याची सवय. चावीने सेल्फ लागत नाही म्हणून खाली उभं राहून सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना टेकवून ट्रॅक्टर सुरू करतात. असं करताना न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बाजूला पडतो. गिअर पडलेला असेल तर इंजिन घेताक्षणी ट्रॅक्टर पुढे सरकतो, आणि तुम्ही मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभे असता. जुनं डिझेल इंजिन एकदा पेटलं की त्याला थांबायला वीज लागत नाही, म्हणून चावी बंद करूनही ते थांबणार नाही. हे करू नका आणि गड्यालाही करू देऊ नका.

३. बॅटरी तपासा

इंजिन बंद करून निदान तीन-चार तास झालेले असावेत. चार्जिंगनंतर लगेच मोजलं तर आकडा फसवा येतो. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि टोकं क्लॅम्पवर न लावता बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर लावा.

१२.६ ते १२.७ आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.० च्या खाली गेली असेल तर आधी चार्ज करा, मगच पुढची तपासणी. अर्धवट बॅटरीवर घेतलेलं मोजमाप सगळं चुकीकडे नेतं.

बुचं उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेल बघा. भरलेल्या सेलचा आकडा १.२६५ ते १.२८० असतो. पाच सेल १.२६० आणि एकच १.१५० दाखवत असेल, तर तो सेल गेला. अशी बॅटरी कितीही चार्ज केली तरी ऐनवेळी दगा देणार. सगळेच सेल सारखे खाली असतील तर बॅटरी बहुतेक चांगली आहे, तिला फक्त चार्जिंग मिळालेलं नाही.

पाणी प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर हवं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. ॲसिडही ओतू नका, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. क्लॅम्पवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवा, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. मग खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि शेवटी वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आधी लावून क्लॅम्प बसवू नये.

चार्जरवर लावताना बॅटरीच्या अँपिअर-तासाचा दहावा हिस्सा करंट ठेवा. ७५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला साडेसात-आठ अँपिअर पुरे. छाटणी-फवारणीच्या दोन हंगामांच्या मधल्या दिवसांत ट्रॅक्टर महिना-दीड महिना उभा राहतो. त्या काळात निगेटिव्ह सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पुरती भरत नाही.

४. सेल्फ घेत नाही: आवाज ऐका, आकडा बघा

डिझेल बंद करायची दांडी ओढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, नुसतं फिरेल. मीटर बॅटरीच्या खुंटांवर धरा आणि दुसऱ्या माणसाला चावी मारायला सांगा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फची कॉइल तापून जळते.

आकडा १२ च्या वरच राहिला, आवाजच नाही. करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. दोष बारीक वायरीच्या बाजूला आहे: चावीचा स्विच, क्लच किंवा गिअरखालचा न्यूट्रल स्विच, फ्यूज, सोलेनॉइडची (सेल्फला मोठा करंट जोडून देणाऱ्या विजेच्या स्विचची) छोटी वायर. सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर मीटरचं लाल टोक आणि बॉडीवर काळं टोक ठेवून चावी मारा. १० व्होल्टच्या वर मिळालं आणि तरी सोलेनॉइड हलला नाही, तर सोलेनॉइड खराब. काहीच मिळालं नाही किंवा सहा-सात व्होल्टच मिळालं, तर मागे मागे जात न्यूट्रल स्विच आणि चावी तपासा. मॅसीच्या काही जुन्या मॉडेलांत हाय-लोच्या लिव्हरला सुरू करण्यासाठी वेगळी जागा असते. लिव्हर तिथे नसेल तर सेल्फ घेणारच नाही, आणि त्यात बिघाड काहीच नाही.

आकडा ११-१२ च्या आसपास, "खट्ट" आवाज, पण इंजिन हलत नाही. बॅटरीत दम आहे, वाटेत अडतंय. जाड केबल, अर्थ, सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन ब्रश. पुढची पायरी यासाठीच आहे.

आकडा ९.६ च्या खाली कोसळला, इंजिन कण्हत फिरतंय किंवा खट-खट-खट आवाज येतोय. बॅटरी पूर्ण भरलेली असूनही असं होत असेल तर ती म्हातारी झाली. दुसरी चांगली बॅटरी लावूनही आकडा तसाच कोसळत असेल, तर सेल्फ आत अडकतोय: बुश झिजून आर्मेचर (आतला फिरता भाग) घासत असेल किंवा कॉइल शॉर्ट असेल.

दुसऱ्या बॅटरीवरून सुरू करायचं असेल तर लाल केबल पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि काळी केबल बंद ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. ट्रकच्या २४ व्होल्टवरून किंवा वेल्डिंग मशीनवरून सेल्फ मारू नका. सेल्फ कदाचित घेईल, पण अल्टरनेटरचे डायोड, बल्ब आणि मीटर एका झटक्यात जातील.

५. व्होल्टेज कुठे हरवतंय

यातच बहुतेक बिघाड सापडतात, आणि यातच नवखा माणूस चुकतो. तो केबल सोडून कंटिन्यूइटी (तार सलग आहे का ते) बघतो, मीटर "पीं" वाजतो आणि केबल ठीक ठरते. सेल्फला इंजिन फिरवताना दोन-तीनशे अँपिअर लागू शकतात. शंभरातला एकच तार शिल्लक असलेली केबलही मीटरला चांगली वाटते, पण इतका करंट तिच्यातून जात नाही. म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना.

पॉझिटिव्ह बाजू: मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, दुसरं सेल्फच्या मोटरकडे जाणाऱ्या बोल्टवर, म्हणजे सोलेनॉइडच्या पलीकडच्या. आधी मीटर पूर्ण १२ दाखवेल. चावी मारल्यावर जो आकडा उरतो तो त्या वाटेत हरवलेला व्होल्टेज. ०.५ पर्यंत चालतं.

अर्थची बाजू: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर, रंग खरवडलेल्या जागी. चावी मारल्यावर ०.३ च्या आत हवं.

जास्त आलं तर टप्पे पाडा. खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं लग, लग ते चासी, चासी ते इंजिन. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो तिथेच दोष आहे. अर्थचा बोल्ट सोडून रंग, गंज, काळी माती सगळं लोखंड दिसेपर्यंत घासा, दात्याचा वॉशर टाकून कसा आणि वर ग्रीस लावा. इंजिन, गिअरबॉक्स आणि बॅटरीची पेटी यांच्यामध्ये पॅकिंग, रबर आणि रंग असतो. त्यामुळे बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टपर्यंत वेगळी जाड केबल टाकलेली चांगली. बॅटरीच्या केबलीला ३५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक वायर वापरू नका. दुकानात जाड दिसणारी स्वस्त केबल मिळते, तिच्यात बहुतेक जाडी रबराचीच असते. कापलेल्या टोकातलं तांबं पाहून घ्या.

दोन्ही बाजू ठीक, सेल्फपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोचतोय आणि तरी फिरत नाही, तेव्हाच सेल्फ उतरवायचा. बहुतेकदा कार्बन ब्रश संपलेले किंवा घरात अडकलेले असतात. ते बदलताना स्प्रिंग आणि बुशही बघायला सांगा.

६. चार्जिंग होत नाही, किंवा जास्त होतं

इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीच्या खुंटांवर मोजा. १३.८ ते १४.४ आलं तर ठीक. १२.५ वर अडकून राहिलं तर चार्जिंग नाही. १५ च्या पुढे जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला. बॅटरीचं पाणी आठवड्याला कमी होणं आणि बल्ब वारंवार उडणं ही त्याची खूण.

आधी बेल्ट. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे.

मग तुमच्याकडे डायनामो आहे की अल्टरनेटर, ते ओळखा. डायनामो लांबट नळकांड्यासारखा असतो, त्यावर डी आणि एफ अशी दोन टर्मिनल असतात आणि कटआऊटचा (डायनामो बॅटरीला आपोआप जोडणारा-तोडणारा) डबा वेगळा लावलेला असतो. अल्टरनेटर आखूड, जाड आणि जाळीदार असतो.

*अल्टरनेटर:* चावी ऑन केल्यावर, इंजिन बंद असताना, चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे. दिवा लागत नसेल तर आधी तो बल्ब बघा. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला तर चांगला अल्टरनेटरही झोपून राहतो. कितीतरी अल्टरनेटर या एका बल्बापायी विनाकारण भरले जातात. त्यानंतर इंजिन चालू ठेवून अल्टरनेटरच्या जाड बी प्लस बोल्टवर आणि बॅटरीवर आळीपाळीने मोजा. बोल्टवर १५ आणि बॅटरीवर १३ असेल तर मधली वायर किंवा तिचं लग खराब आहे. लक्षात ठेवा, हा बोल्ट चावी बंद असतानाही जिवंत असतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून "अल्टरनेटर चांगला आहे का" हे बघायची पद्धत अजून चालते. त्याने व्होल्टेजचा झटका बसून रेग्युलेटर आणि डायोड जळतात. ट्रॅक्टरला किंवा जोडलेल्या ट्रॉली-नांगराला वेल्डिंग मारण्याआधीही बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा.

*डायनामो:* डी आणि एफच्या दोन्ही वायरी काढा, ती दोन टर्मिनल एका तुकड्याने जोडा, मीटर त्या तुकड्यावर आणि डायनामोच्या बॉडीवर धरा. रेस हळूहळू वाढवा. व्होल्टेज झपाट्याने चढला तर डायनामो चांगला आहे, दोष कटआऊटमध्ये किंवा वायरीत. २० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. एक-दीड व्होल्टवरच अडकला तर ब्रश, कम्युटेटर आणि फिल्ड कॉइल बघायला हवेत. डायनामो दुरुस्त करून आणल्यावर एफची वायर काढून त्या टर्मिनलला बॅटरीच्या पॉझिटिव्हची वायर क्षणभर टेकवायची, म्हणजे चुंबकाची दिशा बरोबर बसते. हे न केल्याने दुरुस्त डायनामोही चार्जिंग देत नाही.

आणखी एक मर्यादा समजून घ्या. जुना डायनामो ११ ते २२ अँपिअरच देतो, आणि मंद रेसवर जवळजवळ काहीच नाही. दोन हेडलाइट ६० वॉटचे म्हणजे १० अँपिअर तिथेच गेले. वर मागचा दिवा आणि गाण्यांचा टेप लावला तर बॅटरी उतरणारच.

७. बॅटरी रात्रीत उतरते

सगळं बंद करा, निगेटिव्ह केबल काढा आणि खुंट व केबल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागला, अगदी मंद जरी, तरी कुठेतरी करंट गळतोय. फ्यूज एकेक काढत जा. ज्या फ्यूजला दिवा विझतो त्या सर्किटमध्ये गळती. कशानेच विझला नाही तर बॅटरी पूर्ण सुटी करून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने झाका आणि टेस्ट लॅम्प पुन्हा लावा. आता विझला तर डायोड खराब.

दिवा लागला नाही तर मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून तसंच मोजा. या ट्रॅक्टरांवर कॉम्प्युटर नाही, त्यामुळे आकडा शून्याजवळच हवा, ५० मिलिअँपिअरच्या आत. मीटर असा लावलेला असताना चावी मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. मोजून झाल्यावर लाल वायर परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये घाला. ती तशीच राहिली आणि पुढच्या वेळी बॅटरीवर टेकवली तर सरळ शॉर्ट होतो.

८. लाइट आणि ट्रॉली

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिल्यावर टेललाइट लुकलुकतो: हा अर्थचा दोष, बल्ब बदलू नका. इंडिकेटर भराभर पडतोय: त्या बाजूचा एक बल्ब गेला. हेडलाइट पिवळट: बल्बच्या सॉकेटवर, दिवा चालू असताना मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी असेल तर वायर, स्विच किंवा अर्थमध्ये हरवतोय. मांडवाखाली हेडलाइटला तारा-फांद्या लागून होल्डर ढिले होतात, तेही पाहा.

स्विच गरम होत असेल तर चार पिनांचा १२ व्होल्ट ३० अँपिअरचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) टाका. ३० नंबरला बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, ८७ वरून हेडलाइट, ८५ ला अर्थ, ८६ ला जुन्या स्विचची वायर. डिपर आणि अप्परला वेगवेगळे रिले लागतात.

फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज, चांदीचा कागद किंवा तांब्याची तार टाकू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती डिझेलच्या नळीजवळूनच गेलेली असते.

कांदा घेऊन रात्री लासलगाव-पिंपळगावच्या रस्त्याला लागायचं असेल तर ट्रॉलीचे दिवे आधी घरी बघा. ट्रॉलीचा अर्थ हुकच्या पिनमधून घेतलेला असतो. तिथे ग्रीस, गंज आणि हालचाल, त्यामुळे दिवे चालू-बंद होत राहतात. सॉकेटमधून अर्थची वेगळी वायर ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांपर्यंत न्या, बहुतेक तक्रार तिथेच मिटते.

९. वायर दुरुस्त करताना

पिळून टेप गुंडाळलेला जोड म्हणजे पुढच्या पावसाळ्यातला बिघाड. लग दाबा किंवा सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक चढवा. वायर सायलेन्सरपासून लांब, पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रॉमेटमधून. शेडमध्ये उंदीर असतील तर डॅशबोर्डच्या मागे आणि बॅटरीच्या पेटीत दर पंधरा दिवसांनी बघा. तिथे भुसा किंवा चिंध्या दिसल्या तर कुरतडलेली वायरही जवळच असणार. फवारणीनंतर ट्रॅक्टर धुवाल तेव्हा पाण्याचा जोर अल्टरनेटर, सेल्फ आणि फ्यूज बॉक्सवर मारू नका. तिथे ओल्या फडक्याने पुसा.

१०. मिस्त्रीकडे जाताना

नुसतं "सेल्फ घेत नाही" सांगू नका. कागदावर लिहून न्या: बॅटरी बंद असताना किती, सेल्फ मारताना किती, पॉझिटिव्ह बाजूला किती हरवला, अर्थला किती, इंजिन चालू असताना किती. हे पाच आकडे पाहिल्यावर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सरळ दोषाकडे जातो. काढलेले जुने पार्ट परत मागा. बॅटरी बदलायची ठरली तर नवीचा अँपिअर-तास जुनीइतका, खुंटांची बाजू तीच आणि पेटीत बसेल असं माप पाहून घ्या. जुनी बॅटरी तिथेच जमा करून तिची किंमत बिलातून वजा करून घ्या, आणि वॉरंटी कार्डावर तारीख व शिक्का तुमच्यासमोर मारून घ्या.